मोरी लख्ख आहे

“खळगा भरशील तेव्हा आधी त्याच्या काठावर जाऊन उभी रहा, चांगला नाक भरून श्वास घे. मगच बटण दाब.”

थोरल्या बाईंनी निवृत्तीच्या दिवशी खुर्ची सोडताना हे सांगितलं, तेव्हा ती हसली होती. थोरल्या बाई म्हणजे नकाशा विभागातलं जुनं खोड. बोरूने उंचीच्या रेषा ओढण्यापासून लेझरच्या नकाशापर्यंत सगळं पाहिलेल्या.

“बाई, कॉम्प्युटरला कुठे नाक असतं?” ती म्हणाली.

“त्याला नाही म्हणून तर तुला ठेवलंय,” थोरल्या बाई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या आणि पर्स उचलून चालू लागल्या. त्या बेट सोडून लेकाकडे राहायला गेल्या, आणि त्यांचा सल्ला एका कानाने आत आला तो दुसऱ्या कानाने थेट समुद्रात गेला.

तसं पाहिलं तर नाकाच्या बाबतीत तिचा हात धरणारं बेटावर कुणी नव्हतं. लेकीच्या, चिमीच्या जन्मानंतर तर ते नाक फारच तिखट झालं होतं. दूध उकळण्याआधी हुंगायची, उकळल्यावर पुन्हा हुंगायची. जिन्याच्या कठड्याला हात लावायची नाही. पाहुण्यांनी चिमीचा पापा घेतला की पाहुण्यांची पाठ वळताच गाल पुसायची. नवरा म्हणायचा, “उद्या तू समुद्रालाही हात धुवून ये म्हणशील.” लोक हसायचे, तीही हसायची, आणि हसता हसता चमचा पुन्हा एकदा विसळून घ्यायची.

ऑफिसात मात्र नाकाला काही काम नव्हतं. तिथे बेट यायचं ते आकड्यांतून, धुऊन पुसून. विमानातून लेझर सोडून अख्ख्या बेटाची उंची मोजली होती. त्या मापांवरून बेटाचे बारीक बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाला त्याच्या उंचीचा आकडा द्यायचा आणि मग कॉम्प्युटरला विचारायचं, बाबा रे, इथे पाणी पडलं तर कुठे जाईल? कॉम्प्युटर एका चौकोनातून शेजारच्या सर्वांत खालच्या चौकोनात पाणी ढकलत ढकलत समुद्रापर्यंत नेऊन सोडायचा. पडद्यावर निळ्या रेषा उमटायच्या, हाताच्या शिरांसारख्या.

अडचण एवढीच, की मध्येच एखादा चौकोन असा निघायचा, ज्याच्या चारी बाजू उंच. पाणी आत गेलं की बाहेर पडायला वाट नाही. मग पडद्यावर पाटी यायची: बंद खळगा सापडला. भरायचा? असे बहुतेक खळगे खोटे असतात. एखादं झाड, एखादा पूल, लेझरची एखादी चूक. म्हणून ‘हो’ म्हणायचं. कॉम्प्युटर त्या खळग्यात आकडे ओततो, जमीन सारखी होते आणि पाणी पुढे चालू लागतं. असे कितीतरी खळगे तिने बसल्या जागी भरले होते.

विभागाच्या साहेबांना तर खळगा डोळ्यांसमोर नको असायचा. “पाणी कसं गुळगुळीत वाहिलं पाहिजे!” म्हणायचे. त्यांना माघारी सगळे गुळगुळीत साहेब म्हणत.

खालच्या गल्लीचा खळगा आला तेव्हा तिने थोडा विचार केला, नाही असं नाही. बेटाचा तो भाग बशीसारखा होता आणि बशीच्या समुद्राकडच्या कडेवरून किनाऱ्याचा रस्ता जात होता, नुकताच भर घालून उंच केलेला. लेझरला वरचा रस्ता दिसतो, रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारी मोरी दिसत नाही. ती मोरी मोकळी असेल तर खळगा खोटा, बिनधास्त भरा. तुंबलेली असेल तर खळगा खरा. नियम असा, की जाऊन बघायचं. पण त्या दिवशी चिमीचं अंग जरा कोमट वाटत होतं, तिचा जीव घड्याळात अडकला होता, आणि खालच्या गल्लीत तर घरचंच माणूस होतं. नवऱ्याची आत्या. तळमजल्यावर एकटी राहायची आणि दिवसभर चिमीला सांभाळायची. तिने फोन लावला.

“आत्या, चिमी कशी आहे? बरं, तुमच्याकडची मोरी तुंबलीबिंबली नाही ना हो?”

मग आत्याबाईंचा आवाज चढला. “मोरी? माझी मोरी तुंबेल कशाला गं सूनबाई? रोज घासते मी. लख्ख आहे. ताट मांडून जेव त्यात!”

तिने तपासणीच्या रकान्यात लिहिलं: मोरी मोकळी. आणि ‘हो’ दाबलं.

आकडे भरले गेले. बशीची थाळी झाली. गुळगुळीत साहेबांनी नकाशा पाहून टेबलावर बोटं वाजवली. खालच्या गल्लीतलं पाणी आपल्या पायांनी समुद्रात जातंय, मग तिथला पंप कशाला हवा? पंप उचलून धक्क्यावर नेला, जिथे बोटीतून उतरणाऱ्या लोकांचे बूट ओले होत असत.

त्यानंतर केव्हातरी चिमीच्या केसांना वास यायला लागला.

आधी तिला वाटलं, आपल्या मनाचे खेळ. संध्याकाळी चिमीला आत्याकडून आणलं की ती टाळूवर नाक टेकवून एक लांब श्वास घ्यायची. दिवसभराची भूक त्या एका श्वासाने भागायची. आता त्या श्वासात दूध, तेल आणि घामाच्या तळाशी काहीतरी दुसरंच होतं. कुजलेल्या फुलदाणीतल्या पाण्यासारखं. डोकं धुतलं तरी दुसऱ्या दिवशी तेच. मग ते लाळेऱ्याला आलं, दुपट्याला आलं, बाहुलीला आलं. स्वतःच्या लेकराला छातीशी धरताना श्वास रोखावा लागावा, याची तिला इतकी किळस आली की ती कुणावर काढावी कळेना. मग ती मिळेल त्या माणसावर निघाली.

“आत्यांचं वय झालं,” ती नवऱ्याला म्हणाली. “हात चालत नसणार. नुसती बढाई, ताट मांडून जेव म्हणे!”

“अगं, ती दगडालाही घासून पांढरा करेल.”

“मग वास कुठून येतो? माझ्यातून?”

दुसऱ्या दिवशी तिने दारातूनच चिमीला उचललं आणि न राहवून बोललीच. “आत्या, पोरीच्या अंगाला घाण वास येतो हो. मोरीत फिनाईल टाकता ना?”

आत्याबाईंचा चेहरा कुणी ओल्या फडक्याने पुसावा तसा झाला. “ज्याच्या अंगाला वास येतो त्याने दुसऱ्याचं लेकरू कशाला घ्यावं?” एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. धाडकन आपटलं असतं तर बरं झालं असतं. हळूच लावलं.

चिमी ऑफिसजवळच्या पाळणाघरात जाऊ लागली. केसांना पुन्हा दुधाचा वास आला. ती निर्धास्त झाली आणि आपलंच बरोबर होतं असं तिला वाटलं. नवरा अधूनमधून आत्याला फोन करायचा. “मजेत आहे,” पलीकडून यायचं. “येऊ का?” “नको रे बाबा, कशाला उगाच.” मग काय, विषय संपला. फोनवर माणूस मजेत असलं की आपल्यालाही किती सोयीचं असतं.

एके दिवशी आत्याबाईंनी चिमीचं राहिलेलं सामान पाठवलं. कपडे, बाहुली आणि ते दुपटं. सगळं धुऊन, घड्या घालून. धुऊन म्हणजे किती धुऊन, कापड पार विरलं होतं. तिने सवयीने नाकाला लावलं. साबण, त्याखाली फिनाईल, आणि त्याच्याही खाली ते. तिने दुपटं झटकून उजेडात धरलं आणि तिचा हात तसाच राहिला.

दुपट्याच्या खालच्या अंगाला एक करडी रेघ होती. या काठापासून त्या काठापर्यंत सरळ. बाहुलीच्या फ्रॉकवर तशीच. टोपड्यांच्या कापडी पिशवीवर तशीच, तळापासून तेवढ्याच उंचीवर.

इतकी सरळ रेघ माणसाला ओढता येत नाही. ती फक्त साचलेलं पाणी ओढतं. असल्या रेघांवर तर तिची रोजीरोटी चालली होती. समान उंचीच्या जागा जोडणारी रेघ. फरक एवढाच, की ही रेघ तिच्या लेकीच्या दुपट्यावर होती.

ऑफिसात जाऊन तिने जुना नकाशा उघडला. बंद खळगा सापडला. भरायचा? या वेळी तिने ‘नाही’ दाबलं. निळ्या रेषा खालच्या गल्लीपर्यंत धावत आल्या आणि तिथे थांबल्या. बाजाराच्या गटारातून, मासळीच्या ओट्यांवरून, वरच्या आळीतल्या सगळ्या संडासांवरून आलेल्या रेषा. त्या एकात एक मिसळून एक डाग तयार झाला, भरगच्च, काठ फुगलेला. त्याच्या मधोमध आत्याबाईंचं छप्पर होतं.

ती तशीच उठून किनाऱ्याच्या रस्त्यावर गेली. रस्त्याखालच्या मोरीचं तोंड फार शोधावं लागलं नाही, नाकच घेऊन गेलं. रस्ता उंच करणाऱ्यांनी उरलेला सगळा माल त्या तोंडातच ओतला होता. पाईप सिमेंटने बुजला होता आणि त्याच्या अलीकडे पाणी उभं होतं. पाणी म्हणायचं म्हणून म्हणायचं. काळं, जाड, वर तेलाचे रंग फिरवणारं, आणि मधूनच एखादा बुडबुडा फुटायचा, पोट बिघडलेल्या माणसाच्या ढेकरेसारखा. कोंबड्यांची पिसं, मासळीची आतडी, कुणाच्या तरी लेकराचा लंगोट. ती काठावर उभी राहिली, थोरल्या बाईंची आठवण झाली, आणि तिने नाक भरून श्वास घेतला. मग वाकून ओकली.

ओकून झाल्यावर तिने आपला जेवणाचा डबा पिशवीतून काढला, रिकामा केला आणि त्या पाण्यात बुडवून भरला.

गुळगुळीत साहेबांना दुसऱ्याचे डबे उघडून बघायची खोड होती, हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं. “आज काय आणलंय मॅडमनी?” म्हणत त्यांनी झाकण उचललं. डब्यातल्या काळ्या पाण्यात अळ्या अजून वळवळत होत्या. साहेबांनी तोंडावर रुमाल दाबला, पण तो पुरला नाही. ते बेसिनकडे धावले.

“हा काय चावटपणा आहे?” परत आल्यावर ते ओरडले.

“खालच्या गल्लीतलं पाणी आहे, सर. नकाशाप्रमाणे हे समुद्रात असायला हवं होतं.”

“मोरी मोकळी म्हणून तुम्हीच लिहिलंय.”

“मीच लिहिलंय. चुकलंय. ती फोडायला लावा आणि तोवर पंप परत पाठवा. उद्या उधाण आहे. समुद्र वर आला की गटारांतून उलटा आत शिरेल, आणि हे सगळं लोकांच्या अंथरुणापर्यंत जाईल.”

साहेबांनी झाकण लावून डबा बोटाच्या टोकाने दूर सारला. “हे बघा, उद्या धक्क्यावर बाहेरचे पाहुणे येणार आहेत. तिथे पाणी दिसलं तर आपलं नाक कापलं जाईल.”

“कापलेलंच बरं, सर. वास तरी येणार नाही.”

पंप उधाण उतरल्यावर मिळेल, असं ठरलं. तिने डबा तिथेच टेबलावर ठेवला आणि नवऱ्याला फोन करून सांगितलं, “चिमीला तू आण. मी आत्यांना घेऊन येतेय. आल्या तर.”

आत्याबाईंचं दार बोटभर उघडलं. फटीतून फिनाईलचा भपकारा आला.

“चिमी कुठाय?”

“पाळणाघरात.”

“मग तू कशाला आलीस? वास घ्यायला?”

ती दार ढकलून आत गेली. चपलेखाली पचकन आवाज झाला. खोली मात्र व्यवस्थित होती, आणि ते बघणंच जास्त भयंकर होतं. पलंगाचे पाय विटांवर चढवलेले, चादर ताणून घातलेली, भांडी चकचकीत. आणि भिंतीवर चारी बाजूंनी तीच करडी रेघ. कोपऱ्यात मोरी. तिच्या तोंडावर लाकडी पाट, पाटावर वरवंटा, वरवंट्यावर पाण्याने भरलेली बादली, आणि एवढं दडपूनही कडेकडेने काळी लाळ बाहेर येत होती. तिच्यात खवले चमकत होते. कुणाचे तरी केस होते. शिजलेल्या भातासारखं काहीतरी पांढरं होतं आणि ते हलत होतं. आत्याबाईंच्या पायांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. आत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन कातडं पांढरं, ओलं, फाटलेलं.

“आत्या, घरी चला.”

“कुणाच्या? माझ्या अंगाला वास येतो ना?” आत्याबाईंनी तिच्याकडे पाठ केली आणि खराटा उचलला. “घासतेय मी. होईल साफ. आजवर माझ्या मोरीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तू पहिली. म्हटलं, हिला दाखवूनच देते. सोडा टाकला, चुना टाकला. दुपारी सगळे झोपले की बादल्या भरून गटारात ओतते, शेजारी कळायला नको. पण मेलं परत येतं.”

“येणारच आत्या. तुम्ही गटारात ओतता ते फिरून तुमच्याकडेच येतं.”

“हाताचा गुण गेला माझ्या,” आत्याबाई म्हणाल्या. “वय झालं. तू म्हणाली नसशील, पण मनात तेच होतं तुझ्या.”

होतं. मनातच नव्हे, तोंडातही होतं. ती, जिन्याच्या कठड्याला हात न लावणारी, मोरीच्या काठावर गुडघे टेकून बसली, बादली उतरवली, वरवंटा उचलला आणि पाटाखाली कोपरापर्यंत हात घातला. गार, बुळबुळीत काहीतरी मनगटाभोवती गुंडाळलं गेलं. तिने हात तसाच आत फिरवून पाहिला.

“हे बघा. इथे काही अडकलेलं नाही. तुमची मोरी मोकळी आहे. तुंबलीय ती रस्त्याखालची. मी फोनवर तीच विचारत होते.”

आत्याबाईंचा खराटा थांबला. “रस्त्याखालची?”

“रस्त्याखालून पाणी जातं ना, त्या पाईपलाही मोरी म्हणतात आत्या. आमच्या ऑफिसात.”

“मग पाईप म्हणायचं!” आत्याबाई कडाडल्या. “नाला म्हण, नळी म्हण! बाईमाणसाला फोन करून मोरी विचारल्यावर ती कुठली सांगेल? एवढ्या शिकलात, पण साधं विचारता येत नाही!” आणि बोलता बोलता त्यांना हसू फुटलं, खाली बसण्याइतकं. ताट मांडून जेव म्हणाले मी, म्हणत त्या हसल्या. हसणं कधी रडण्यात गेलं ते दोघींनाही कळलं नाही. “म्हणजे माझे हात अजून…” त्या म्हणाल्या. काळ्या हातांनी त्यांचे हात धरायचे की नाही, तिला ठरवता येईना. त्यांनीच धरले.

उधाण उद्याचं होतं, पण गाठोडं घेऊन दोघी बाहेर पडल्या तेव्हा संध्याकाळच्या भरतीनेच गल्लीतल्या गटाराला उलटी धार लागायला सुरुवात झाली होती. ती दारं बघत निघाली. सगळी बंद. सगळ्या उंबऱ्यांवर पिळून टाकलेली फडकी. सगळ्या फटींतून फिनाईलचा वास. तिने पहिलं दार वाजवलं.

“तुमच्याकडे घरात पाणी येतं का हो?”

“छे!” दारातली बाई साडीने पाय झाकत म्हणाली. “आमच्याकडे नाही बाई. मोरी लख्ख आहे.”

दुसऱ्या दारातही लख्ख. तिसऱ्या दारातल्या शिंप्याकडेही लख्ख. अख्खी गल्ली घोट्याएवढ्या घाणीत उभी होती आणि प्रत्येक जण समजत होता, ही फक्त आपलीच. शेजाऱ्याचं लख्ख आणि आपलंच तेवढं तुंबलेलं.

“तू हो बाजूला,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी भर गल्लीत पायांच्या पिशव्या सोडल्या, लुगडं वर धरलं आणि आपली कुजकी पावलं पुढे केली. “ही माझी बघा! आता तुमची दाखवा!”

आधी कुणी हललं नाही. मग शिंप्याने विजार वर ओढली. मग पहिल्या दारातल्या बाईने साडी घोट्याच्या वर उचलली. मग दारं उघडू लागली, आतलं काळं पाणी बाहेरच्या काळ्या पाण्याला मिळालं, आणि लोक लाज सोडून एकमेकांच्या गाद्या, लेकरं, म्हातारी माणसं वरच्या आळीकडे उचलू लागले.

टोकाचं एक दार तेवढं बंद राहिलं. आतून आवाज आला, “मी मजेत आहे, जा तुम्ही.” आत्याबाई त्या उंबऱ्यावर, त्या पाण्यातच, फतकल मारून बसल्या आणि दाराशी तोंड नेऊन म्हणाल्या, “मजेतच असशील गं. मीही होते. उघड, आपण दोघी मिळून घासू.” बऱ्याच वेळाने कडी वाजली.

तुमच्याही ओळखीत कुणीतरी खाली राहत असेल. तळमजल्यावर, उताराच्या शेवटी, तुमच्याच गल्लीच्या टोकाला. आत्या असेल, जुने मास्तर असतील, कधीकाळी तुमचं मूल सांभाळणारी कुणी असेल. शेवटचं कधी गेला होता त्यांच्याकडे? फोन करू नका. फोनवर सगळ्यांची मोरी लख्ख असते. उठा, जा, दार ढकलून आत शिरा, आणि त्या कोपऱ्यापाशी उभं राहून नाक भरून एक श्वास घ्या.